दुसऱ्यांदा काढलेलं पाणी

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटातलं पाणी पहिल्यांदा काढलं तेव्हा मी खोलीबाहेर बाकड्यावर बसून होते. आता मी आत असते. ते उताणे पडलेले असतात, डॉक्टर डाव्या बाजूला खाली सुई घालतात, मी उजवीकडे उभी राहून त्यांचा हात धरते आणि नजर मात्र सिस्टरच्या ट्रेवर ठेवते. कल्चरच्या, म्हणजे पाण्यात जंतू वाढतात का ते बघायच्या, दोन बाटल्या ट्रेमध्ये आहेत का, ते आधी बघते. नसतील तर विचारते. पूर्वी विचारायची भीती वाटायची. ही सवय कशी लागली, ते सांगते.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. कापूस आणि दादर ज्वारी, एवढंच आमचं शेत. आप्पा अडुसष्ट वर्षांचे. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब आयुष्यात नाही. पण मधुमेह वीस वर्षांचा, आणि लिव्हरमध्ये चरबी साठत गेलेली कुणाच्या लक्षातच आली नाही. तीन वर्षांपूर्वी पाय सुजले, मग पोट वाढलं, आणि सोनोग्राफीत लिव्हर सिरोसिस निघाला. त्यानंतर भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आवाज खाली करून एकच विचारायचा: किती घ्यायचे? मायला हे फार लागायचं. माळकरी माणसाच्या बायकोला असा प्रश्न ऐकावा लागतो, म्हणून मी हे मुद्दाम लिहिते. मधुमेह, वाढलेलं वजन आणि चरबी यांनीही लिव्हर तितकाच कायमचा आक्रसतो, कडक होतो. हिपॅटायटिस बी आणि सी या काविळींनीही होतो.

लिव्हर कडक झाला की त्यातून जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. मागे दाब वाढतो, पोटात पाणी झिरपतं. आपल्याकडे त्याला जलोदर म्हणतात. गोळ्यांनी लघवी वाढवून, मीठ कमी करून ते काही दिवस आटोक्यात राहतं. मीठ कमी करणं खान्देशातल्या घरात किती अवघड आहे, हे इथल्याच माणसाला कळेल. शेवभाजी बंद, पापड बंद, बिबड्या बंद, लोणचं बंद. मायने आप्पांसाठी वेगळा तवा, वेगळी कढई ठेवली आणि कळण्याची भाकरी बिनमिठाची करायला लागली. डाळ मात्र तिने कमी केली नाही, हे बरं झालं. गावात सगळे सांगत होते की लिव्हरवाल्याला डाळ, दूध, अंडं चालत नाही. डॉक्टरांनी उलट सांगितलं होतं: या आजारात अंगावरचं मांस झपाट्याने उतरतं, प्रथिनं कमी करू नका, रात्री झोपण्यापूर्वीही काही खायला द्या.

पहिली लागण भाद्रपदात झाली, पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता. थोडा ताप, पोटात दुखणं, दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं. धुळ्याला एका दवाखान्यात पाणी काढलं, त्यात पू करणाऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. कुठे भोक नाही, ऑपरेशन झालेलं नाही, तरी पोटातलं पाणी आपोआप जंतूंनी नासतं, असा हा प्रकार. आतड्याची भिंत या रुग्णांत सैल झालेली असते. आतड्यात राहणारे जंतू तिच्यातून बाहेर पडतात आणि पाण्यात वाढतात. त्या पाण्यात जंतूंशी लढणारी प्रथिनं फारच थोडी असतात.

तेव्हाच माझी वही सुरू झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वर्गातली शंभरपानी वही हाताशी होती. लॅबच्या रिपोर्टमध्ये एका ओळीत एकूण पांढऱ्या पेशी छापतात, दुसऱ्या ओळीत त्यातल्या पॉलीमॉर्फचं, म्हणजे त्या पू करणाऱ्या पेशींचं, शेकडा प्रमाण. डॉक्टरांना हवा असतो तो आकडा या दोहोंच्या गुणाकारातून निघतो आणि तो बहुतेक रिपोर्टवर छापलेलाच नसतो. ९०० पेशी, ८० टक्के पॉलीमॉर्फ, म्हणजे ७२०. एका घन मिलिमीटरला २५० किंवा त्याहून जास्त निघाला की लागण धरतात, कल्चर येण्याची वाट न बघता औषध सुरू करतात. मी तो गुणाकार वहीत मांडला तेव्हा राउंडवर आलेल्या डॉक्टरांनी वही हातात घेऊन बघितली. आप्पांनी पडल्या पडल्या विचारलं, "आज कितला भाव शे?" जन्मभर ते बाजार समितीत कापसाचा भाव असाच विचारत आले. तेव्हापासून आमच्या घरात या आकड्याचं नाव भाव पडलं. हा भाव उतरला की आनंद.

त्या वेळी उतरला. सात दिवस इंजेक्शन, शिवाय अल्ब्युमिन, म्हणजे शिरेतून चढवायचं प्रथिन. अल्ब्युमिनचा हिशोबही वहीत आहे: पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोला दीड ग्राम, तिसऱ्या दिवशी एक ग्राम. आप्पांचं वजन ६० धरलं तर ९० आणि ६० ग्राम. एका बाटलीत २० ग्राम असतं. या लागणीत किडनी बसण्याचा धोका असतो, तो त्याने कमी होतो, म्हणून महाग असूनही ते टाळू नये असं आम्हाला सांगितलं गेलं. मग पुन्हा लागण होऊ नये म्हणून नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची रोज एक गोळी सुरू झाली.

दिवाळीत आप्पांना काळी शौच झाली, रक्ताची उलटी झाली. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबराच्या रिंगा घातल्या. पुन्हा आठ दिवस दवाखाना, पुन्हा इंजेक्शनं. सोबत ॲसिडिटीची गोळी लागली. ती पंधरा दिवसांसाठी होती, पण डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहिलेली नव्हती आणि ती तशीच चालू राहिली. चूक कुणाची यात मी जाणार नाही. प्रत्येक गोळीपुढे ‘कधीपर्यंत’ हे मी विचारायला हवं होतं.

पौषात एकदा मी माहेरी गेले होते. आप्पा जेवायला बसले आणि दोन घासांनी उठले. माय म्हणाली, "यास्नी जीभ धवळी व्हयेल शे." मी बघितलं. दह्याची साय लावावी तसा थर जिभेवर आणि गालाच्या आत. आम्हाला वाटलं पोट साफ नसेल. मायने मध लावला. मी वहीत एक ओळ लिहिली, ‘जीभ पांढरी, चव नाही,’ आणि पुढचं पान उलटलं. ती ओळ पुढे उपयोगी पडली. मात्र त्याच आठवड्यात मी डॉक्टरांना फोन केला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून सुटत नाही.

माघात एका पहाटे धाकट्या भावाचा फोन आला. आप्पा अंगणात जाऊन बैलांना हाका मारत होते. बैल विकून अकरा वर्षं झाली आहेत. हात पुढे करायला सांगितले तर पंजे पाखरासारखे फडफडत होते. लिव्हरला रक्त साफ करता येत नाही तेव्हा मेंदूवर असा अंमल चढतो, आणि तो अचानक चढला तर पोटातल्या पाण्यात लागण आहे का हे आधी बघायचं असतं. एवढं आम्हाला तोवर माहीत झालं होतं. तशी गाडी केली आणि धुळं गाठलं.

तिथे पाणी काढलं. ६४० पेशी, ७५ टक्के. भाव ४८०. पाणी साध्या नळीत भरून लॅबला पाठवलं. मोठं अँटिबायोटिक सुरू झालं, मेरोपेनेम, कारण आधीची औषधं वारंवार झालेली. मानेतल्या शिरेत लाइन घातली, लघवीची नळी घातली. दोन दिवसांनी आप्पा थोडे शुद्धीवर आले. ताप ९९ च्या आसपास. सगळ्यांना हायसं वाटलं. पण वहीत क्रिएटिनिनची रांग मला दिसत होती, किडनी थकली की हा आकडा चढतो: १.३, १.६, २.१. लघवी कमी होत चालली होती आणि पोट हात लावू देत नव्हतं.

पहिल्या वेळी मला सांगितलेलं आठवत होतं की अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा पाणी काढून भाव उतरला का ते बघतात. मी विचारलं. उत्तर मिळालं, कल्चर निगेटिव्ह आहे, ताप नाही, पेशंट अशक्त आहे, पुन्हा सुई कशाला. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मग सांगितलं की औषध बदलून बघू. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन २.६ झालं आणि लाइनमध्ये आणखी एक अँटिबायोटिक जोडलं गेलं. त्या दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या सिस्टर रात्रभर जागल्या, त्यांनी आप्पांना आईसारखं पुसलं, भरवलं. पण ते दोन दिवस गेले, हेही खरंच.

त्याच दिवशी तात्या, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, काविळीचा झाडपाला घेऊन आले. सातपुड्यातल्या कुणाकडून आणलेला. हेतू किती चांगला होता! त्यांचे डोळे रडून लाल होते. तरी मी ती पुडी पिशवीत घातली आणि दिली नाही. ज्याचा लिव्हर आधीच गेलेला आहे त्याला काय आहे ते माहीत नसलेला पाला देणं म्हणजे उरलेला काठही खचवणं. तात्या दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही नाशिकला हलवायचं ठरवलं. भावाने शेतावरचं कर्ज वाढवलं, मी लग्नातल्या पाटल्या मोडल्या. ॲम्ब्युलन्स मालेगाव, चांदवड करत महामार्गाने निघाली. मी आप्पांच्या पायाशी बसले होते. राहूडच्या घाटात ते एकदम स्पष्ट बोलले, "पोरी, घर कव्हय जासूत?" मी म्हटलं, लवकर.

नाशिकच्या रुग्णालयात लिव्हरच्या डॉक्टर माझ्याहून वयाने लहान असतील. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि माझी वही मागितली. पंधरा मिनिटं उभ्या उभ्या वाचली. मग चार प्रश्न विचारले. नॉरफ्लॉक्सासिन किती महिने? पाच. ॲसिडिटीची गोळी अजून चालू आहे? हो. दुसऱ्यांदा पाणी काढलं? नाही. आणि जीभ पांढरी कधीपासून? पौषापासून. त्यांनी टॉर्च मागवून आप्पांचं तोंड बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि तासाभरात पाणी काढायला घेतलं.

इथे मी पहिल्यांदा आत थांबले. त्यांनी पाणी सिरिंजमध्ये घेतलं आणि पलंगाशीच, सुई बदलून, रक्ताच्या कल्चरच्या दोन बाटल्यांत प्रत्येकी १० मिलिलिटर भरलं. त्या बाटल्यांत आधीपासून जंतूंचं खाद्य असतं. पाणी तिथल्या तिथे त्यांत गेलं तर थोडे जंतू असले तरी वाढतात, साध्या नळीतून लॅबला जाईपर्यंत हातून निसटतात. म्हणजे धुळ्याचं ‘निगेटिव्ह’ हे जंतू नसल्याचं प्रमाणपत्र नव्हतं. हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं आणि मला वाटतं, हे प्रत्येक जलोदराच्या रुग्णाच्या घरात माहीत असायला हवं.

संध्याकाळी पेशी आल्या. ६०० आणि ७५ टक्के. मी त्यांच्यासमोरच गुणाकार केला: ४५०. डॉक्टर म्हणाल्या, "४८० वरून ४५०. दोन दिवसांत चौथा हिस्सा तरी उतरायला हवा होता, इथे पाच दिवसांत तीस उतरलेत. औषध लागू पडत नाहीये." मग त्यांनी तीन शक्यता मोजून सांगितल्या. एक, जंतू औषधाला जुमानत नाहीत. दोन, आतड्याला कुठे भोक पडलं आहे. तीन, हे जंतू नाहीतच, बुरशी आहे.

भोकाची शंका फेडायला सिटी स्कॅन झाला, किडनीमुळे डाय न देता. पाण्यातली साखर, प्रथिनं आणि एलडीएच नावाचं पेशींतलं विकर तपासलं. भोक असेल तर साखर खाली जाते, बाकीचे दोन चढतात, आणि कल्चरमध्ये तऱ्हेतऱ्हेचे जंतू एकदम उगवतात. तसं काही दिसलं नाही.

बुरशी म्हटल्यावर भाकरीवर येते ती माझ्या डोळ्यांपुढे आली. माझा विश्वास बसेना. त्यांनी समजावलं की कॅन्डिडा नावाची बुरशी तुमच्या-माझ्या तोंडात, आतड्यात, कातडीवर असतेच आणि काही करत नाही, कारण तिथले बाकीचे जंतू तिला जागा देत नाहीत. महिनोन्महिने अँटिबायोटिक चाललं की ते जंतू मरतात. बुरशीवर अँटिबायोटिकचा काही परिणाम नसतो, ती मोकळ्या रानात पसरते. ॲसिडिटीच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी झालं की तिला आणखी सोपं. त्यात मधुमेह, शिरेतली लाइन, नळ्या, दुर्बीण, दवाखान्यातले मुक्काम. बुरशीची पेशी जंतूपेक्षा मोठी असते. तीसुद्धा आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जाते, यावरूनच ती भिंत किती खिळखिळी झाली आहे ते समजावं.

हेच मी महिनाभराने आप्पांना सांगितलं, ते उठून बसायला लागले तेव्हा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे तर पांढऱ्या माशीचं झालं. कापसावर बोंडअळीसाठी एकामागून एक जहाल फवारण्या मारल्या की अळी मरते, पण माशीला खाणारे मित्रकीटकही मरतात, आणि मग पांढरी माशी अशी उसळते की पानं चिकट होऊन काळी पडतात. त्या डॉक्टरांनाही मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, मी आता सगळ्या शेतकरी रुग्णांना असंच सांगेन.

त्या संध्याकाळी मात्र पैशांचं बोलणं व्हायचं होतं. बुरशी कल्चरमध्ये उगवायला दोन-तीन दिवस तरी लागतात, कधी जास्त. रक्तातली एक तपासणी आहे, बुरशीच्या भिंतीचा तुकडा शोधणारी, पण आप्पांना अल्ब्युमिन चढलेलं होतं आणि त्याने ती तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे तिच्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. थांबलो तर ज्यांना हा आजार असतो त्यांतले निम्मे आणि त्याहूनही जास्त रुग्ण हातचे जातात, आणि उशिरा सुरू झालेलं औषध हे त्याचं एक मोठं कारण. थांबलो नाही तर ज्याची खात्री नाही अशा औषधाचा रोजचा खर्च चार आकडी. "मी सुरू करायच्या बाजूची आहे," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही भावंडं बोलून घ्या." भाऊ आणि मी जिन्यात जाऊन उभे राहिलो. आम्ही काहीच बोललो नाही. तो माझ्याकडे बघून मान हलवून परत आत गेला.

औषधाचं नाव ॲनिड्युलाफंगिन. पहिल्या दिवशी २०० मिलीग्राम, पुढे रोज १००, सलाईनमधून सावकाश. हे निवडायचं कारण त्यांनी सांगितलं ते मी तसंच लिहून घेतलं. बुरशीच्या पेशीभोवती भिंत असते, माणसाच्या पेशीला ती नसते. हे औषध ती भिंत बांधू देत नाही. शिवाय ते लिव्हरवर अवलंबून नसतं, रक्तातच आपोआप विरघळत जातं, म्हणून लिव्हर निकामी असला तरी डोस तोच. नेहमीचं बुरशीचं औषध फ्लुकोनाझोल, ते स्वस्त. पण कॅन्डिडाच्या काही जातींवर ते चालतच नाही, काहींवर अर्धवट चालतं. जात कळण्याआधी त्यावर विसंबून कसं राहणार?

सुरू केल्यापासून चाळीसाव्या तासाला लॅबमधून फोन आला. मी तिथेच होते. डॉक्टर फोनवर फक्त "नक्की ना?" म्हणाल्या. दोन्ही बाटल्यांत यीस्टच्या, म्हणजे बुरशीच्या, पेशी, कळी फुटलेल्या. पुढे कळलं की धुळ्यालाही रक्ताच्या एका नमुन्यात ‘यीस्ट, बहुधा बाहेरून मिसळलेलं’ अशी नोंद झाली होती आणि ती डिस्चार्ज पेपरमध्ये आलीच नाही. पोटातल्या पाण्यात किंवा रक्तात यीस्ट सापडलं तर ते नळीत चुकून पडलं असं समजून सोडून देता येत नाही. मला याचा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

पुढचे दिवस कामाचे होते. मानेतली लाइन काढून दुसरीकडे नवीन घातली, कारण बुरशी प्लॅस्टिकवर थर करून बसते. लघवीची नळी बदलली. डोळ्यांचे डॉक्टर पलंगाशी येऊन थेंब टाकून पडदा बघून गेले. रक्तातून ही बुरशी डोळ्यात उतरू शकते आणि रुग्ण गुंगीत असेल तर त्याला दिसत नाही हेही तो सांगू शकत नाही. पडदे स्वच्छ होते. बाकीची दोन अँटिबायोटिकं एकेक करून थांबवली. ती थांबवताना मला औषध सुरू करतानाइतकीच भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी जात कळली: कॅन्डिडा अल्बिकन्स. फ्लुकोनाझोल लागू पडणार होतं.

पाचव्या दिवशी पुन्हा पाणी. २१० पेशी, ६० टक्के. हातात पेन धरवत नव्हतं म्हणून भावाने मोबाइलवर गुणाकार केला. १२६. क्रिएटिनिन १.९ वर आलं होतं. आप्पा त्या दिवशी पूर्ण जागे नव्हते. मी त्यांच्या कानाशी जाऊन आकडा सांगितला. त्यांनी बोट हलवलं, बस.

नवव्या दिवशी ॲनिड्युलाफंगिन थांबवून फ्लुकोनाझोलच्या गोळ्या सुरू झाल्या, लिव्हरच्या तपासण्या दर दोन दिवसांनी करत. त्या आधी शेवटच्या पाण्यात भाव ४० झाला आणि कल्चरमध्ये काही उगवलं नाही. एकविसाव्या दिवशी आम्ही नाशिकहून निघालो. ॲसिडिटीची गोळी बंद. नॉरफ्लॉक्सासिन पुन्हा द्यायची की नाही यावर डॉक्टरांनी मायलाही बसवून बोलणं केलं: दिली तर बुरशीची भीती, नाही दिली तर जंतूंची. शेवटी तिच्याऐवजी दुसरं, आतड्यातच राहणारं औषध द्यायचं आणि दर वेळी पाणी काढताना तपासायचंच, असं ठरलं. जिभेवर पांढरं दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा, हे मायच्या समोर तीनदा सांगितलं. माय आता रोज सकाळी टॉर्च घेऊन त्यांची जीभ बघते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी होते. वाड्यात पोरींनी निंबाला झोका बांधला होता, गौराईची गाणी चालली होती. आप्पा ओट्यावर खुर्चीत बसले, पोट मोठं, पाय काड्या. सांजोरीचा एक तुकडा मागितला, मायने दिला. तात्या आले, माझ्याकडे न बघता आप्पांच्या शेजारी बसले, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

लिव्हर बरा झालेला नाही. तो होणारही नाही. बदलावा लागेल, हे नाशिकला स्पष्ट सांगितलं आहे. बुरशी अंगात असताना ते करता येत नाही, म्हणून ती जाणं गरजेचं होतं. भाऊ द्यायला तयार आहे. त्याच्या स्वतःच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली, आता तो पहाटे बोरीच्या काठाने सहा किलोमीटर चालतो आणि पुन्हा स्कॅनची वाट बघतो. आप्पा नाही म्हणतात. पोराच्या पोटाला सुरी लावून मला जगायचं नाही, म्हणतात. यावर आमच्या घरात रोज भांडण होतं आणि ते मिटलेलं नाही.

तोवर दर तीन आठवड्यांनी अमळनेरला पाणी काढतो. कल्चरच्या बाटल्या मी आधीच लॅबमधून आणून ठेवते, कारण तिथे त्या नेहमी नसतात. श्रावणातल्या गेल्या मंगळवारी सहा लिटर निघालं. लिटरमागे ८ ग्राम, म्हणजे ४८ ग्राम अल्ब्युमिन, जवळपास अडीच बाटल्या. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन घरी गेले. आप्पा खाटेवर कुशीवर पडले होते, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत. पायरीवर चप्पल वाजली तशी त्यांनी विचारलं, "कितला शे?"

"अडतीस," मी म्हटलं. त्यांनी कूस बदलली आणि मायला दिवा लावायला सांगितला.